मधली चकती

नाना पेठेत मुर्तझाभाईंच्या काउंटरवर
पाच चकत्या मांडून बसलोय.
एकेकीची कड अंगठ्यानं दाबून बघतो :
ही ताठ. ही त्याहून ताठ.
हिला रबराचा नुसता वास आहे.

"सव्वाशेची का दीडशेची?"
"पॅड दीडशेचं आहे. चकती लहानच द्या,
कडेनं बोटभर फोम बाहेर राहिला पाहिजे."
ते मान डोलावतात. त्यांना माहीत आहे.
मलाही माहीत होतं.
आकुर्डीच्या पेंट शॉपमध्ये एकवीस वर्षं काढलेल्याला
माहीत नसेल तर कुणाला.

तरी काल दस्तगीरच्या मशीनला
मीच लावून दिली जुनी दीडशेची.
म्हटलं, आजचा दिवस चालतंय.

खासनीस डॉक्टरांची गाडी, काळी.
काळ्यात काहीच लपत नाही,
धुणाऱ्याचं खरखरीत फडकं नाही,
पोराच्या मनगटातला कंप नाही.
बॉनेटच्या उंचवट्यावरून तो वळला,
फोम दबला, ताठ कड खाली टेकली,
आणि दोन श्वासांत
नखाएवढा रंग दुधाळ झाला.
वास सगळ्या शेडला आला.

मी ओरडलो.
डॉक्टरांच्या ड्रायव्हरसमोर,
त्याच्या बापाचं नाव काढून.
त्यानं मशीन बंद केलं,
कोपर-अंगठा धरून वायर गुंडाळली,
नीट, मी शिकवली तशी,
आणि डबा न उघडता तसाच घरी घेऊन गेला.

रात्री धायरीला शेडचं कुलूप काढलं.
पॅड ओढलं, आवाज न करताच सुटलं.
वेल्क्रोला टक्कल.
चकती मधोमध नाहीच, सूतभर एका अंगाला,
आणि तिथंच फोम जळून काळा, कोरीसारखा.
बॅटरीच्या उजेडात
बराच वेळ हातात धरून उभा होतो.

गिऱ्हाइकाला पॅड दिसतं.
पांढरी लोकर ओरखडे खाते,
नारिंगी फोम लोकरीच्या खुणा मिटवतो,
काळा मऊ फोम शेवटी येतो
आणि सगळं नाव घेऊन जातो.
चकतीचं कुणी विचारत नाही.
वरून मिनिटाला दीड हजार फेरे,
खाली केसाच्या जाडीचा रंग,
आणि वरचा जोर खाली किती जाऊ द्यायचा
हे हिनं ठरवायचं, कडेनं थोडं वाकून.
हिला वाकता आलं नाही
तर भाजतो तो खालचा.

मी चकतीबद्दल बोलतोय.

"ही घ्या, कड मऊ आहे," मुर्तझाभाई सहावी काढतात
खालच्या खणातून, कागदात गुंडाळलेली.
"चौदाचाच आटा ना? मागं इंची दिला होतात,
दुसऱ्या फेऱ्यालाच अडकून बसला."
"चौदाचाच. साडेआठशे."
मी पैसे मोजून ठेवतो.
ते चष्म्यावरून बघतात :
जन्म घासण्यात गेला या माणसाचा
आणि आज घासाघीस नाही?

शेडवर पोहोचलो तर दस्तगीर आलेला.
डॉक्टरांचं बॉनेट उतरवून ठेवलेलं,
उद्या रंगाला जाईल, माझ्या खिशातून.
तो एका जुन्या व्हॅगनारच्या दाराशी उकिडवा,
दाराच्या कडांना टेप लावत होता,
दुहेरी. न सांगता.

चहा मागवला. बिस्किटंही.
मग कागदाचं पुडकं त्याच्या मांडीवर टाकलं.
"आटा बघून घे."
त्यानं हातानंच फिरवून बसवली,
बोटाच्या टिचकीनं गरगर सोडली,
डोळा बारीक करून कडेकडे बघत राहिला.
"सरळ आहे," म्हणाला.
"जुनी वाकडी होती," मी म्हणालो.
पुढचं वाक्य घशापर्यंत आलं होतं,
पण पोऱ्या चहा घेऊन मध्येच उभा राहिला.

दस्तगीरनं फोम लावला,
तळव्यानं दाबून मधोमध आणला,
आणि कडेला बोट ठेवत ठेवत
सगळा गोल मोजत गेला.
मी कपात बिस्कीट बुडवून विसरलो.