सत्तावीस मेंढ्या, एक कुत्रा

तुर्कूत, औरा नदीच्या काठी, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही बेटांच्या बोटी सांभाळतो.
म्हणजे बोटी नाही,
बोटींच्या तिकिटांमागचं सॉफ्टवेअर.
नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात,
आणि दर रिलीजच्या आदल्या रात्री
टेस्ट प्लॅन उघडावा लागतो.
चारशे अकरा ओळी.
कुठली कुणी लिहिली, कुणी विचारत नसे.

ओळ बारा : 'नीट चालतंय ना ते बघा.'
ओळ तेरा : 'बारासारखंच, पण उलटं.'
ओळ नव्वद अशा एका प्रिंटरबद्दल
जो भंगारात जाऊन सहा वर्षं झाली.
त्याच्यापुढेही आम्ही टिक करायचो,
हिरवी, ठसठशीत,
मेंढरांसारखे, एकामागून एक.

मग साइमी आली.
पहिल्या आठवड्यात तिनं एकही चाचणी केली नाही.
प्लॅन छापून जेवणाच्या टेबलावर पसरला
आणि येणाऱ्याजाणाऱ्याला
पेन्सिलीचं टोक ओळीवर टेकवून विचारू लागली,
ही कशासाठी?
कॉफीचे मग हातात धरून आम्ही उभे.
ठेवायला जागा नव्हती,
सांगायला उत्तर नव्हतं.
'असू दे ना,' ओस्मो म्हणाला, 'तुझं काय खाते ती?'
'माझी मंगळवारची दुपार.'

शंभर ओळी गेल्या. मग दीडशे.
खोटं कशाला बोलू, मजा यायला लागली,
माळा उपसताना येते तशी.
'नीट' या शब्दावर तिनं सरळ बंदीच घातली :
काय दिसलं म्हणजे नीट,
ते लिहा.

ओळ दोनशे अडतीस :
'सत्तावीस मेंढ्या, एक कुत्रा. परतीचं तिकीट नाही.'
सगळे हसले. ओस्मोनं बें बें करून दाखवलं.
पेन्सिल ओळीच्या डोक्यावर आली
आणि मी हसायची थांबले.
बोलले मात्र काही नाही.

अक्षर इल्पोचं, एवढं कुणीतरी ओळखलं.
इल्पो आता निवृत्त, नांतालीला मासे धुरवत बसतो.
साइमीनं फोन लावला, स्पीकरवर.

'गुनेलच्या मेंढ्या,' तो म्हणाला.
'बर्फ धरायच्या आधी कळप बेटावरून आणत होती,
शेवटच्या बोटीनं.
तुमच्या सॉफ्टवेअरनं मेंढ्या माणसांत मोजल्या.
बोट भरली म्हणून दाखवलं.
पुढच्या धक्क्यावर एक म्हातारा उभा होता,
डायलिसिसला निघालेला.
बोट थांबलीच नाही.
अर्धे बाक रिकामे.'

'मग?'
'मग काय. रात्री तटरक्षकांनी नेला. वाचला.'
'आणि तो कोड कुणी लिहिला होता?'

फोनमधून वारा ऐकू आला,
आणि कुठल्याशा पत्र्याचा आवाज.
'आता कुठलं आठवायला,' इल्पो म्हणाला.

त्याला आठवत होतं.
बारा वर्षं ती ओळ त्यानं जपली,
कारण न लिहिता,
कारण कारणात माझं नाव आलं असतं.
माझ्यावर त्यानं केलेली ही माया
आज पेन्सिलीच्या एका रेघेनं
तो म्हातारा पुन्हा धक्क्यावर उभा करणार होती.

मी साइमीच्या हातातून पेन्सिल घेतली.
समासात लिहिलं :
मेंढी जागा अडवते, बाक अडवत नाही.
खाली तारीख.
खाली माझं नाव, पूर्ण, वायोला हेइस्कानेन,
शाळेच्या वहीवर लिहावं तसं.
ओस्मो खिडकीबाहेर बघत होता.
साइमीनं नुसती मान हलवली
आणि पुढच्या ओळीवर गेली.

आता एकशे नव्वद उरल्यात.
प्रत्येकीपुढे तिचं का, आणि एक माणूस,
ज्याला फोन करता येईल.
काहींपुढे अजून नुसतं प्रश्नचिन्ह.

गुरुवारी दोनशे अडतीस आम्ही खरोखर चालवली,
टिकेपुरती नाही.
सत्तावीस मेंढ्या डेकवर,
माणसांना एक्केचाळीस बाक मोकळे.
चाळीस.
पुन्हा मोजले. चाळीस.

कुत्रा
अजून माणसांत बसलाय.