मंगळवारची बॅच, घाटकोपर

मॉलच्या तळघरात उणे पाच.
भाड्याचे बूट, आत कुणाचा तरी ओलावा.
छेरिंग म्हणाली, आधी पडायला शिका.

सातही जणी पडलो.
फिलोमिना हसली, मग सगळ्याच.
उचलायला कुणी धावलं नाही,
‘तरी सांगत होतो’ म्हणायलाही नाही.

यांनी स्कूटर शिकवली तेव्हा
ब्रेकपेक्षा यांचा आवाजच आधी लागायचा.

भार पुढे दे, छेरिंग म्हणाली,
बर्फाला कळू दे.
अडुसष्ट किलो. दिले.

उतार जेमतेम पस्तीस पावलांचा.
खाली पोचून वळून पाहिलं:
दोन रेघा, वाकड्या, माझ्या,
आणि वरून मृण्मयी ओरडतेय,
सरक गं बाई, मला थांबता येत नाही!

बाहेर चौतीस अंश.
रिक्षाच्या रांगेत उभी मी,
गुडघे अजून वाकलेलेच.