मिस्टर मुले

जागीरदाराच्या दाव्यासाठी लष्करला आला होता
बॅरिस्टर आयव्हर प्रिचर्ड, वेल्सचा.
दोनदा पार्लमेंटात बसलेला, तिसऱ्यांदा पडलेला;
हे तो स्वतःच सांगे, हसून, बेडई खाताना.

मी दफ्तरातला मोडीवाचक.
काम तीन कागदांचं होतं,
पण हा माणूस विचारी, ही गाठ कुणी मारली?
हा कारकून दक्षिणेतून आला, की इथलाच?
इतक्या लांब भाषा टिकली कशी?
म्हटलं, साहेब, पगारपत्रकं मराठीत होती.
त्यानं तेही वहीत उतरवलं,
त्याच्या मुलखातल्या राजांशेजारी.
हरलेले बहुतेक.

त्याच्या आजोबांच्या गळ्यात मास्तरांनी
लाकडी पाटी अडकवली होती,
घरची भाषा बोलले म्हणून.
पाटी केवढी ते त्यानं हातानं दाखवलं
आणि हात बराच वेळ तसाच.

त्यांच्यात एक ल आहे, जिभेच्या कडेनं वारा सोडायचा.
मला जमला नाही, थुंकी उडाली सनदेवर.
म्हटलं, आता आमचा घ्या. ळ.
भर जानेवारीत घाम फुटला त्याला.
"मिस्टर मुले," म्हणाला शेवटी.
मुळे, मी म्हटलं.
मुले, तो म्हणाला.
दावाही हरला.

काल नातवाच्या शाळेत गेलो, दौलतगंजात.
हजेरीपटावर त्याचं नाव: मुले.
दुरुस्त करा म्हणणार,
तर पोरगंच म्हणालं,
"चलो ना आजोबा, ठीक तो लिखा है."

त्याच्या गळ्यात कुणी पाटी घातली नव्हती.
वॉटरबॅग होती, हिरवी,
चालताना आत पाणी वाजत होतं.