मराठी नाव

चाळकेवाडीच्या सड्यावर ऊन पडलं
की पवनचक्कीचं पातं दर तीन सेकंदांनी
माझ्या पाठीवरून जातं.
मी दोरीचा चौकोन टाकून गुडघ्यांवर बसते.
मीटर बाय मीटर.
आतलं सगळं मोजायचं.

गवत, शेवाळ, एक मेलेला नाकतोडा,
आणि कातळाच्या भेगेत, जिथं पाणी पाझरतं तिथं,
ही.
तांदळाच्या कणीएवढी पांढरी.
चार पाकळ्या, दोन विरुद्ध दोन,
सारीपाटाला बसल्यासारख्या.

वहीत लिहिलं, कूळ : मोहरीचं.
मराठी नाव : पुढं रेघ.
ही रेघ मी मागच्या वर्षीही ओढली होती.

"काय हारवलंय का गं?"

ठकूबाई येडगे. म्हशी पुढं गेलेल्या,
काठी खांद्यावर आडवी, डोक्यावर घोंगडीची खोळ.
मी बोट दाखवलं.
मी नको म्हणेपर्यंत तिनं एक पान खुडून
दाढेखाली धरलंही होतं.
डोळे बारीक केले.
"म्होरीच्या घरातली हाय की ही."

घरातली.
मला हे ओळखायला
विद्यापीठात तीन वर्षं लागली होती.

मग माझ्या पुस्तकात अर्ध्या ओळीत असलेलं
तिनं करून दाखवलं :
खालच्या पिकल्या शेंगेला नखाचा नुसता धक्का,
आणि तडतड,
तेल नाही, कढई नाही,
बिया थेट माझ्या चष्म्यावर.
"बिनतेलाची फोडणी," म्हणाली,
आणि पार पुढच्या म्हशीनं मान वळवावी
एवढ्यानं हसली.

ऑक्टोबरात क्रेन आली.
नवी पाती वर न्यायला वळण रुंद केलं.
माझा एकोणिसावा चौकोन मुरुमाखाली गेला.
अहवालात लिहिलं, 'आढळली नाही'.
वाक्य बरोबर आहे. मी ते दोनदा तपासलं.

आणि आज, गोडोलीत, मागच्या दारी,
मी सड्यावरून आल्यावर बूट धुते त्या दगडापाशी,
नळ गळतो तिथं,
एक रोप. वीतभरही नाही.
फूल अजून यायचंय, म्हणजे पुस्तक उघडून उपयोग नाही.
इकडंतिकडं पाहिलं,
एक पान खुडलं, दाढेखाली धरलं.

हो.
त्याच घरातली.

वहीतली रेघ खोडली नाही.
तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलं : ठकूबाईची मोहरी.
पेन्सिलीनं, कारण
तिला अजून विचारलेलं नाही.