दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे

आई बायबल-बाई होती. म्हैसाळ ते बेडग,
सायकलच्या कॅरियरला पुस्तकं बांधून हिंडायची.
माझं नाव तिनंच ठेवलं, शांतवन.
नावाला जागलो असतो तर पाळक झालो असतो.
झालो लिफ्टमन.
मिरजेच्या दवाखान्यात, चोवीस वर्षं:
एक स्टूल, एक पंखा, पाच बटणं.

देव आहे का, हे मला विचारू नका.
तो कितव्या मजल्यावर जास्त लागतो, ते सांगतो.
तिसऱ्या.
ऑपरेशन तिसऱ्यावर.

दार सरकलं की मी माणसांच्या मुठी बघतो.
दर्ग्यातला धागा.
औदुंबरचा अंगारा, कागदाच्या पुडीत.
जतच्या बाजूच्या एका म्हाताऱ्याच्या मुठीत
मेंढीची लोकर होती, बिरोबाची म्हणाला.
वर जाताना मुठी घट्ट.
खाली येताना कधी उघड्या,
कधी तशाच घट्ट, पण आत काही नसतं.
एवढं मला कळतं. बाकीचं
कळणाऱ्यांना कळो.

आई वर गेली ती याच लिफ्टनं.
बटण मीच दाबलं.
दुसरा मजला ओलांडताना तिनं विचारलं,
"प्रार्थना करतोस ना रे?"
मी म्हणालो, "हो."
तिच्याशी बोललेलं ते शेवटचं,
आणि ते खोटं.
तेव्हापासून दर रविवारी
चर्चच्या मागच्या बाकावर जाऊन बसतो.
विश्वास आहे म्हणून नव्हे,
हप्ता थकलाय म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी लाईट गेली.
दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे अडकलो.
स्ट्रेचरवर इराप्पा, पोट धरून,
उशाशी त्याची बायको मल्लव्वा, अथणीकडची,
पायाशी वॉर्डबॉय दस्तगीर.
जनरेटर कुठंतरी खाकरत होता, पेटत नव्हता.
काळोखात इराप्पाचा श्वास
करवतीसारखा पुढं-मागं.

मल्लव्वा म्हणाली,
"तुमच्या देवाचा दवाखाना हाय न्हवं?
मग तुमीच म्हणा की कायतरी."

मी तोंड उघडलं.
आईचे शब्द आठवेनात. एकही नाही.
लहानपणी झोपेतसुद्धा म्हणायचो म्हणे.
मग तोंडाला जे आलं ते म्हणालो:

तळाला केसपेपर, एक्स-रे, रक्त.
पहिल्याला बाळंतिणी, लहान पोरं.
दुसऱ्याला हाडं, जळीत.
तिसऱ्याला ऑपरेशन.
चौथ्याला काचेच्या आतले.
त्याच्यावर गच्ची.
गच्चीला कुलूप.
चावी माझ्याकडं नाही.

दस्तगीर हसेल असं वाटलं. हसला नाही.
मल्लव्वानं स्ट्रेचरच्या दांडीला कपाळ टेकलं असावं,
बांगड्या लोखंडावर वाजल्या.
"परत म्हणा."
परत म्हटलं.
तिसऱ्या खेपेला माझ्या आवाजात
आईचा हेल आला,
ओळीच्या शेवटी जरासा उतरणारा,
बेडगच्या उतारावर सायकल सोडल्यासारखा.
मी दचकलो. थांबलो मात्र नाही.
चावी माझ्याकडं नाही,
चावी माझ्याकडं नाही,
आणि कुणीतरी, बहुतेक दस्तगीरच,
हळूच "आमीन" म्हणालं.

लाईट आली. तिसरा आला.
स्ट्रेचरची चाकं फरशीवरून लांब गेली.

इराप्पाचं पुढं काय झालं, माहीत नाही.
माझी ड्यूटी दोनला संपली.
दुसऱ्या दिवशी रजिस्टर समोर उघडं होतं,
बोट फिरवलं असतं तर कळलं असतं.
नाही फिरवलं.
देव असला तरी मला परवडत नाही,
इतकी वर्षांची बाकी निघेल.
नसला तर रविवारी बसायचं कुठं?

आठवड्यानं स्टुलावर विभूतीची पुडी सापडली,
अथणीच्या बसच्या तिकिटात बांधलेली.
माझ्यासाठी असेल.
कुणाची विसरूनही राहिली असेल.
लिफ्टमधे काय काय राहतं,
चपला, डबे, एकदा कवळी.

पुडी खिशात आहे अजून. जरा फाटलीय.
बोटांना पांढरं लागतं,
बोटांचं बटणांना.
तिसऱ्याचं सारखं पुसावं लागतं.