वाट वाकडी

लीड्समध्ये अजून ट्राम नाही.
माझ्या टेबलावर मात्र ती रोज धावते:
दोन मिलिमीटर जाडीची लाल रेघ,
जमिनीवर मोजली तर अडीच मीटर.
तेवढ्यात एखाद्याचं दुकान मावतं.

तिचे नखरे मला पाठ झालेत.
चढ बेताचा हवा.
वळण पंचवीस मीटर त्रिज्येच्या आत नको.
खाली गॅसची नळी नको, विजेची तार नको,
आणि कोल्डवेल स्ट्रीटखाली तर
कुठल्याच नकाशात नसलेलं विटांचं गटार निघालं,
आत पाणी वाहतंय, बिनबोभाट.
हॉवर्ड खड्ड्यात डोकावून म्हणाला,
रूळ स्वस्त असतात रे,
महाग असतं ते खालचं हलवणं.

मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये लोकांना नकाशा दाखवला.
चहाचं पिंप, बिस्किटं, सूचनांची पेटी.
माणूस नकाशावर आधी आपलं छप्पर शोधतो,
ते सापडलं की मग शहर बघतो.
कुणीतरी मग ठेवला भर रस्त्यावर,
तपकिरी वर्तुळ उमटलं,
आमच्या कुठल्याही वळणापेक्षा गोल.

आउथवेट बाईंनी नकाशा पाहिलाच नाही.
कोट न काढता म्हणाल्या,
तुमच्या स्टॉपपासून डायलिसिसच्या दारापर्यंत
दोनशे ऐंशी पावलं.
मी मोजलीत. जाताना जमतात.
येताना तुम्ही मोजा.

मी मोजली नाहीत.
मी गणित केलं.
रेघ हॉस्पिटलकडे वाकवली तर
प्रत्येकाची एक्केचाळीस सेकंदं जातात.
रोजचे सव्वीस हजार प्रवासी,
म्हणजे दिवसाला जवळजवळ तीनशे तास.
कॉम्प्युटरने ते पौंडांत करून दाखवले.
आउथवेट बाईंची पावलं कशात करायची
तो रकाना त्याच्याकडे नाही.

आमच्याकडे कुणी आडगावी भेटायला आलं
की दारातच म्हणतात,
एवढी वाट वाकडी करून आलास!
सगळा पाहुणचार त्या वाकडेपणाचा.
ऑफिसात त्यालाच विचलन म्हणतात
आणि लाल शाईने कारण विचारतात.

रात्री उशिरा पर्याय 'क' काढला.
पेन्सिलने, तुटक,
काळ्या दगडावरची म्हणावी अशी रेघ नव्हेच ती.
हॉस्पिटलच्या दारापासून बावीस पावलं.
हातावेगळं झालं म्हणून दिवा घालवणार,
एवढ्यात त्रिज्या दिसली.
पंचवीस मीटर.
आतली कड बरोबर कोपऱ्यावरून जाते,
कोपऱ्यावर रेबवारचं सलून.

आज शनिवार. त्याच्याच खुर्चीत बसलोय.
गेली सहा वर्षं इथेच केस कापतो.
भिंतीवर सुलेमानियाच्या डोंगराचा फोटो,
खिडकीत मुलीनं लावलेला पुदिना.
आरशात रस्ता उलटा दिसतो,
डावीकडची बस उजवीकडून येते,
आणि क्षणभर वाटतं,
त्या बाजूला अजून काहीच आखलेलं नाही.

गुरुवारपर्यंत बोलायचं नाही, असा नियम आहे.
तो ट्रामबद्दलच बोलतोय.
आली की गिऱ्हाईक वाढेल, म्हणतो.
दुसरी खुर्ची घ्यावी का?
मी काहीतरी हुंकार भरतो,
गळ्याभोवतीचा कपडा घट्ट असल्यासारखा.

मान जरा वाकडी करा, तो म्हणतो.
करतो.
त्याची कात्री कानामागून वळते,
कातडीला न लागता,
किती कमी त्रिज्येत.

मग मागे आरसा धरून विचारतो,
एवढं ठेवू,
की अजून काढू?