मागच्या दाराने

सरोवराच्या दक्षिण टोकाला वीज चमकते,
रात्र रात्र चमकते,
आणि माराकाइबोत आम्हाला नुसती दिसते.
आवाज इथवर पोचत नाही.
एउदोमारो म्हणतो, साउंडट्रॅक हरवलेला सिनेमा.
चाळीस वर्षं त्यानं सिनेमांना आवाज पुरवले,
त्याला कुठेही तेच दिसणार.

अशा माणसाला सत्तरीत होम थिएटर हवं झालं.
योलेईदा सांतियागोहून पैसे धाडते
माझ्या गुडघ्यासाठी.
गुडघा आहे तिथेच आहे.
प्रोजेक्टर आला, ॲम्प्लिफायर आला, पाच स्पीकर,
आणि तो काळा खोका, जो घुमला की
कपाटातल्या बश्या किणकिणतात.

‘आता प्रोटेक्टर,’ म्हणाला.
कारण आमच्याकडे वीज जाते ती गुमान,
येताना मात्र लाथ मारून येते.
ओमाइराचा असाच पंखा गेला, मग फ्रीज,
मग नवरा,
पण तो वेगळ्या कारणानं.

दुकानातल्या मुलीनं तीन डबे मांडले :
सहाशे ज्यूल, दोन हजार, चार हजार.
‘ज्यूल म्हणजे?’
‘म्हणजे किती मार खाऊन मरतो, ते.’
‘मरतो?’
‘मरतोच की, काका. आतल्या चकत्या प्रत्येक झटका अंगावर घेतात,
झिजतात. एक दिवस हा हिरवा दिवा विझतो.’
एउदोमारोनं डबा कानाशी धरला,
कलिंगडावर मारावी तशी टिचकी मारली.
मी म्हटलं, स्वस्तातला चालेल.
‘नेर्वा, छत्री डोक्याच्या मापाची नाही,
पावसाच्या मापाची घेतात.’

घरी आलो तर प्लगला तीन पाय
आणि भिंतीला दोन भोकं.
शेजारचा विल्मेर पक्कड घेऊन हजर :
कापू तिसरा, सगळे तेच करतात.
एउदोमारोनं प्लग छातीशी धरला,
जणू पोराचं बोटच कापायला निघालेत.
‘एवढा मार खाऊन हा तो ठेवणार कुठे?
जमिनीला द्यायला नको?’

तीन दिवस कुजीच्या झाडाखाली पहार चालली.
तांब्याची सळई, कोळसा, मीठ,
वर रोज बादलीभर पाणी,
ज्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा खोकतो तिथे.
मी भांडले नाही.
माझ्या आईच्या थडग्यावरच्या झाडाला
एवढं कधी घातलं नव्हतंस,
एवढंच म्हणाले.

शनिवारी गल्ली आपापल्या खुर्च्या घेऊन आली.
आणि त्या रात्री वीज जवळ आली,
आवाजासकट.
अंधार. मग उजेड.
हिरवा दिवा तसाच, ठणठणीत.
ॲम्प्लिफायर मेलेला.

विल्मेरनं न बोलता छपराकडे बोट दाखवलं.
डिश.
तिची केबल खिडकीतून थेट आत,
प्रोटेक्टरला वळसा घालून.
खरं तर त्याच्या कुशीला केबलसाठीही दोन भोकं होती,
पण कुणीतरी टेपनं बुजवलेली,
झुरळं शिरतात म्हणून.
मी.
टेप मी लावली होती.

त्यानं टेप पाहिली. मला पाहिलं.
प्रोजेक्टर चालूच होता,
भिंतीवर एक बाई ओठ हलवत होती.
कुणी उठेना.
मग तो स्वयंपाकघरात गेला
आणि पातेलंभर काळा घेवडा घेऊन आला,
माझी कात्री, त्याच्या जुन्या चपला.
भिंतीवर पाऊस लागला, त्यानं पातेलं डोलवलं.
कुणी जिना चढलं, चपला फरशीवर चढल्या.

ओमाइरा म्हणाली, पण ती बोलतेय काय?
तो माझ्याकडे बघायला लागला.
मी सिनेमा पाहिलेला नव्हता.
‘म्हणतेय,’ मी म्हटलं, ‘गुडघा दुखतोय.’

गल्ली हसली तेव्हा बश्या किणकिणल्या,
निदान मला तसं वाटलं.
दक्षिणेला ती पुन्हा सुरू झाली होती,
लांबची, मुकी.
एउदोमारोची तिच्याकडे पाठ होती.
त्याचे दोन्ही हात कामात होते.